घरी परतला, पण सुटला नाही

‘सुखरूप घरी आले, मग आता कसला त्रास?’ हा युद्धावरून परतलेल्या सैनिकांबद्दलचा प्रश्न वाचून राहवलं नाही. माणूस परततो, मेंदूतली धोक्याची घंटा वाजतच राहते. कुठेही गेला तरी भिंतीला पाठ लावून, दाराकडे तोंड करूनच बसणार. फुगा फुटला की दरदरून घाम. झोपेतून उठवायचं तर बायको पायथ्याशी उभी राहून लांबूनच हाक मारते. हळूहळू समारंभ, मित्र, नोकरी सुटत जाते. मुलं घरात दबक्या पावलांनी वावरायला शिकतात.

आणि याला भित्रेपणा म्हणू नका हो! पहिल्या महायुद्धात पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटनने गोळ्या घातलेल्या ३०६ सैनिकांना माफी मिळाली ती थेट २००६ साली. या त्रासाचं पीटीएसडी (भयंकर आघातानंतर जडणारा मनोविकार) हे नाव अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या यादीत आलं १९८० मध्ये, व्हिएतनामहून परतलेल्यांनी आवाज उठवल्यावर. उपचारांनी गुण येतो, पण तिथवर नेणारं बहुतेकदा घरचंच कुणीतरी असतं.