बाबा हरवले आणि पोलीस आधी घरातलीच कपाटं उघडत बसले. असं का?

दुपारची_झोप:
बाबांना विसरण्याचा आजार आहे. मध्यंतरी भरदुपारी कडी काढून निघून गेले. पोलीस लगेच आले, पण गाडी घेऊन शोधायला निघायचं सोडून घरात शिरले. पलंगाखाली, माळ्यावर, न्हाणीघरात. मग मला आणि बायकोला वेगवेगळ्या खोलीत बसवून तेच तेच प्रश्न. बाबा सुखरूप सापडले, पण माझा संताप अजून गेलेला नाही. हीच पद्धत असते का?

निवृत्त_फौजदार:
हीच असते. "सगळीकडे बघितलं" असं घरच्यांनी शपथेवर सांगितलं तरी मी आधी घर बघायचो. घाबरलेला माणूस हाका मारत फिरतो, कपाटात डोकावत नाही. लहान पोरं तर ओरडा बसेल म्हणून दडतात आणि तिथेच झोपून जातात.

वेगळं बसवण्यात थोडा संशय असतो, नाही म्हणत नाही. पण एकत्र विचारलं की एकाने शर्ट निळा म्हटल्यावर सगळ्यांना निळाच आठवतो, आणि तोच रंग बिनतारीवरून सगळीकडे जातो.

या प्रश्नांतून जोखीम ठरते. भांडून निघून गेलेला धडधाकट माणूस वेगळा. पोर, आजारी म्हातारा किंवा मागे चिठ्ठी ठेवून गेलेला वेगळा. तिथे हातातली बाकीची कामं बाजूला. (चोवीस तास थांबून मग तक्रार द्यायची, हे खूळ कुठून आलं देव जाणे. थांबू नका.)

मात्र दोघं पोलीस घरात असताना तिसऱ्याने फोनचं लोकेशन आणि सीसीटीव्हीच्या मागे लागायलाच हवं. बॅटरी उतरते, जुन्या फुटेजवर नवं चढतं. ते झालं नसेल तर तुमचा राग रास्त आहे.

पायवाट:
मी शोधपथकात जातो. हिशेब बघा: ताशी 3 किमी चालणारा माणूस तासाभरात सुमारे 28 चौरस किमीत कुठेही असू शकतो, दोन तासांनी 113. म्हणून शेवटचं कुठे, किती वाजता दिसला हे नक्की होईपर्यंत नुसत्या गाड्या फिरवून हाती काही लागत नाही.

या आजारातली माणसं बरेचदा नाकासमोर चालत राहतात आणि झुडपात, कुंपणात अडकली की तिथेच थांबतात. हाकेला ओ देतीलच असं नाही. झुडूप हाताने बाजूला करून बघावं लागतं.

आणि त्यांची उशी, वापरलेले कपडे कुणी हाताळू नका. श्वानाला वास त्यावरूनच देतात.

दुपारची_झोप:
पटलं. पुन्हा असं झालं तर हाताशी काय असावं?

निवृत्त_फौजदार:
हल्लीचा फोटो, पूर्ण उंचीचा, रोजच्या कपड्यातला. लोक लग्नातला कोटातला फोटो आणून देतात, त्यावरून रस्त्यात कोण ओळखणार? औषधांची यादी, पूर्वी कुठे राहायचे आणि कामाला कुठे जायचे ते पत्ते. चपलेच्या तळाचाही एक फोटो काढून ठेवा, ओल्या मातीत ठसा मिळाला तर जुळवता येतो.