मदत हवी आहे : रॅम्पवरच्या लाइव्ह स्केचमध्ये नऊवारीचा काष्टा हुकतोय

मी कोल्हापुरात चित्रकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आतापर्यंत दोन फॅशन शोमध्ये बसून लाइव्ह स्केचिंग केलं. मॉडेल समोरून जेमतेम 20-25 सेकंद दिसते. तेवढ्यात चाल, खांद्याचा कल, मान हे पकडता येतं, आणि ते जमल्यावर फार भारी वाटतं. पण कपडा हातातून निसटतो. मागच्या वेळी नऊवारी होती. मॉडेल वळली तेव्हा काष्ट्याच्या निऱ्या पोटरीवर कशा ताणल्या गेल्या ते स्वच्छ दिसलं, कागदावर मात्र नुसता गोळा उतरला.

सराव चालू आहे. रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्यांची, कपिलतीर्थ मंडईतल्या बायकांची रोज 30-30 सेकंदांची स्केचेस करते. पेन्सिलने हात अडखळतो म्हणून ब्रश पेन घेतला, तर पान उलटलं की ओली शाई समोरच्या पानावर उमटते. कोळशाने वेग येतो, पण हॉलमध्ये फिक्सेटिव्ह (कोळसा पुसला जाऊ नये म्हणून मारायचा स्प्रे) मारता येत नाही.

टॅबलेट नाही, बजेट हजारापर्यंत. जागा कडेला, अंधारात, पॅड मांडीवर. व्हिडिओवरून नंतर काढायचं नाही, कारण पुढच्या शोला (तीन आठवड्यांनी) सहा चित्रं त्याच संध्याकाळी द्यायची आहेत.

ज्यांनी असं काम केलंय त्यांनी सांगा : आधी आकृती उभी करून कपडा आठवणीतून भरायचा, की निऱ्यांच्या रेषांपासूनच सुरुवात करायची? आणि पटकन वाळणारी शाई नि कागद कोणता, जो कोल्हापुरात मिळेल?