मुलीला टाइप १ डायबिटीस आहे, इन्सुलिनचं पेनच चालू ठेवू की पंप घेऊ?

मुलगी ११ वर्षांची, सहावीत आहे, आम्ही सोलापूरला असतो. सध्या तीन जेवणांआधी शॉर्टचं (लवकर काम करणाऱ्या इन्सुलिनचं) पेन आणि रात्री ग्लार्जिन (दिवसभर चालणारं लाँग इन्सुलिन). घरी कुरकुर न करता स्वतःचं स्वतः टोचून घेते, पण शाळेत मुली बघतात म्हणून मधल्या सुट्टीत बाथरूममध्ये जाऊन घेते आणि कधीकधी घेतच नाही, मग डबा तसाच परत येतो. दुसरा त्रास पहाटेचा, रात्री तीनला उठून बघितली तर शुगर १२० आणि सकाळी सातला २३०, ग्लार्जिन वाढवलं की मध्यरात्रीच लो होते. डॉक्टर म्हणाले परवडत असेल तर पंपाचा विचार करा. यांचा पगार बेताचा आहे, कर्ज काढावं लागेल, काढूही, पण तिला खरंच उपयोग होईल का ते कळत नाहीये. वापरणाऱ्यांनी प्लीज सांगा.

ठाणेकर आई
ताई, माझा मुलगा पंपावर आहे. तुमचं ते पहाटेचं वाढत्या वयात खूप मुलांना होतं, पहाटे हार्मोन्स जोर करतात आणि इन्सुलिन कमी पडतं. ग्लार्जिन एकदा टोचलं की दिवसभर साधारण एकसारखंच चालणार, त्याला चारनंतर जास्त काम कर असं सांगता येत नाही. पंपात तासातासाचा बेसल (सतत थोडं थोडं जाणारं इन्सुलिन) वेगळा लावता येतो, मध्यरात्री कमी आणि पहाटे वाढवलेला, आमची सकाळची शुगर त्यानेच ताळ्यावर आली. पुरणपोळीवर तूप असलं की शुगर उशिरा चढते ना, तर तेव्हा थोडा डोस लगेच आणि उरलेला पुढच्या दोनेक तासांत हळूहळू असंही देता येतं.

पण एक नीट समजून घ्या, पंपात फक्त शॉर्ट असतं, अंगात लाँगचा साठा नसतोच. कॅन्युला (कातडीखाली जाणारी बारीक नळी) वाकला किंवा घामाने टेप सुटली की काही तासांत शुगर वर आणि किटोन (इन्सुलिन फार कमी पडलं की रक्तात वाढणारं घातक आम्ल) सुरू. एकदा हा क्रिकेट खेळून आला तर शुगर ३५० च्या वर, पंपातून डोस दिला तरी हलेना, सेट (पंपाची नळी आणि कॅन्युला) उपटून बघितला तर कॅन्युला पार दुमडलेला. आता २५० च्या वर गेली आणि करेक्शनने (शुगर उतरवायच्या जादा डोसने) उतरली नाही की आम्ही किटोन बघतो, डोस पेननेच देतो आणि सेट बदलतो. म्हणजे पंप घेतला तरी पेन, फ्रीजमध्ये लाँग आणि किटोनच्या पट्ट्या घरात पाहिजेतच. आणि कर्ज काढताना नुसती मशीनची किंमत धरू नका, सेट दर दोन-तीन दिवसांनी बदलायचा असतो, सेट, रिझर्व्हॉयर (पंपातली इन्सुलिनची टाकी), सेन्सर (अंगावर लावून सतत शुगर मोजणारा) हा खर्च दर महिन्याला येतच राहतो. आमच्या मेडिक्लेममध्ये यातलं काही बसलं नाही, तुमची पॉलिसी आधी विचारून घ्या.

पेनवाला, पुणे
काकू, मी शाळेत असल्यापासून टाइप १ आहे, अजून पेनवरच आहे आणि मजेत आहे. माझं ऐकाल तर कर्ज लगेच काढू नका, आधी सेन्सर लावून बघा. १४ दिवस दंडावर राहतो, रात्रभराचा ग्राफ दिसतो, मग शुगर नक्की किती वाजता चढते ते डॉक्टरांना दाखवता येईल, लाँगची वेळ किंवा लाँगच बदलून फरक पडतो का ते बघता येईल, आणि अर्ध्या युनिटने डोस कमी-जास्त करता येणारं पेनही मिळतं तेही विचारा. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला, १४४१ पेशंट होते, त्यात शुगर कडक सांभाळणाऱ्यांमध्ये डोळ्यांचा आजार सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला. त्या गटात काही जण पंपावर होते आणि काही रोज तीन किंवा जास्त इंजेक्शनांवर. वारंवार तपासून खाण्याप्रमाणे डोस बदलणं हे दोघांनाही करावंच लागलं.

मला जास्त काळजी डब्याची वाटते. पंप असला तरी जेवायच्या आधी बटण दाबावंच लागतं, ते मुलींसमोर दाबायला लाजली तर शुगर चढणारच. वर्गशिक्षिकांना भेटा, तिला वर्गात बाकावर बसून टोचू द्या, दोन मैत्रिणींना लो झाल्यावर ग्लुकोज कसं द्यायचं ते शिकवून ठेवा. बाथरूममध्ये तिने एकटीने उभं राहून सुई घेणं हे आधी थांबलं पाहिजे.

लेस्टरहून
इकडे ब्रिटनमध्ये नाइसने (कोणते उपचार द्यायचे ते ठरवणारी संस्था) डिसेंबर २०२३ मध्ये टाइप १ च्या मुलांना सेन्सरशी जोडलेला, आपोआप बेसल कमी-जास्त करणारा पंप एनएचएसमधून (सरकारी आरोग्यसेवेतून) द्यायला मान्यता दिली, माझ्या भाचीला तो मिळालाय. रात्री घरातले निवांत झोपतात हे खरं. पण भाकरीत, भातात कार्ब (कार्बोहायड्रेट) किती हे तिला अजूनही मोजून पंपाला सांगावं लागतं. कार्ब मोजणं पक्कं झालं नसेल तर आधी आहारतज्ज्ञांकडून ते शिकून घ्या, पेनवरही तेच कामाला येतं.

मूळ प्रश्न विचारणारी
सगळ्यांचे खूप आभार, यांनाही वाचून दाखवलं. सेन्सरपासून सुरू करू आणि सोमवारी शाळेत जाऊन येते. अजून एक, इथे मे महिन्यात ४२-४३ सहज जातं, अशा उन्हात पंपातलं इन्सुलिन टिकतं का?

ठाणेकर आई
३७ अंशांच्या वर तापलेलं शॉर्ट टाकूनच द्यायचं असतं ताई, त्यामुळे उन्हाळ्यात पंप कपड्यांच्या आत, उन्हापासून लांब ठेवायचा आणि शुगर विनाकारण चढायला लागली की रिझर्व्हॉयर बदलायचा. घामासाठी टेपवर वरून आणखी एक पट्टी लावतो आम्ही. पेनलाही हेच लागू आहे, दुपारी तिच्या दप्तरात पेन कुठे असतं ते बघा, गार पाण्यात भिजवून वापरायचं पाऊच मिळतं ते घेऊन टाका.