फिरत्या डिव्हाइसवर सोर्स ॲड्रेस: होम की केअर-ऑफ?

प्रश्न
लिनक्सवर मोबाइल आयपीव्ही६ आहे, म्हणजे नेटवर्क बदललं तरी डिव्हाइसचा कायमचा ॲड्रेस टिकवणारी सोय. डिव्हाइस परक्या नेटवर्कमध्ये गेलं की होम (कायमचा) आणि केअर-ऑफ (त्या नेटवर्कमधला तात्पुरता) असे दोन ग्लोबल ॲड्रेस हाताशी असतात. पण सोर्स (पाठवणाऱ्याचा ॲड्रेस) म्हणून होमच लागतो, त्यामुळे साधी डीएनएस क्वेरीसुद्धा (नावावरून ॲड्रेस विचारणं) होम एजंटकडून, म्हणजे घरच्या नेटवर्कमधल्या राउटरकडून, वळसा घालून जाते. सगळं केअर-ऑफवर टाकलं तर नेटवर्क बदलताच एसएसएच (दूरच्या मशीनवरचं लॉगिन) तुटतं. काय करावं?

उत्तर १
आरएफसी ६७२४ (ॲड्रेस निवडीचे नियम देणारा इंटरनेट मानक दस्तऐवज) मधला चौथा नियम होम ॲड्रेसला पसंती देतो. बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा नियम पाचवा, सर्वांत लांब जुळणाऱ्या प्रीफिक्सचा (ॲड्रेसच्या सुरुवातीच्या भागाचा) आठवा. त्यामुळे वेगळं काही सांगितलं नाही तर होमच निवडला जातो. आणि टीसीपी कनेक्शन ओळखलं जातं दोन ॲड्रेस व दोन पोर्टवरून. त्यातला एक बदलला की समोरच्याच्या लेखी ते कनेक्शन उरतच नाही.

म्हणून अख्ख्या डिव्हाइससाठी एक ॲड्रेस ठरवू नका, सॉकेट (प्रोग्रॅमने उघडलेलं नेटवर्क कनेक्शनचं टोक) किती वेळ जगणार ते बघा. एसएसएच, व्हीपीएन, कॉल होमवर. डीएनएस, एनटीपी (घड्याळ जुळवणं) केअर-ऑफवर: एक पॅकेट जातं, एक येतं, मध्येच नेटवर्क बदललं तर पुन्हा विचारायचं. यासाठी आरएफसी ५०१४ मध्ये (२००७) ॲड्रेस प्रेफरन्सचा सॉकेट ऑप्शन आहे. तो बाइंड (सॉकेटला स्वतःचा ॲड्रेस देणं) आणि कनेक्टच्या आधी द्या. कनेक्ट झाल्यावर सोर्स ठरून गेलेला असतो.

प्रश्नकर्ता
डीएनएसचा सॉकेट तर लायब्ररी उघडते. तिथे ऑप्शन कसा देणार?

उत्तर १
नाही देता येत. रिझॉल्व्हरच्या (डीएनएस क्वेरीला उत्तर देणाऱ्या सर्व्हरच्या) ॲड्रेससाठी वेगळा /१२८ रूट (फक्त त्या एका ॲड्रेसचा) घाला आणि त्यात ‘एसआरसी’ म्हणून केअर-ऑफ द्या. रूटमध्ये सोर्स दिलेला असला की वरचे नियम लागतच नाहीत. केअर-ऑफ बदलला की रूटही बदलायला हवा, हे हुकमार्फत (ॲड्रेस बदलताच आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टने) करा. ‘रूट गेट’ कमांड चालवून कोणता सोर्स दिसतो ते तपासा.

उत्तर २
दोन गोष्टी जोडतो. ऑप्शन ही पसंती आहे, सक्ती नाही. हवा तो ॲड्रेस नसेल तर कर्नल गुपचूप दुसरा घेतो, म्हणून कनेक्टनंतर गेट-सॉक-नेमने (सॉकेटचा स्वतःचा ॲड्रेस सांगणारं फंक्शन) खात्री करा. शिवाय चौथा नियम चालायला कर्नलमध्ये मोबाइल आयपीव्ही६ चालू हवं आणि ॲड्रेसवर ‘होम’ फ्लॅग हवा.

दुसरं, होम सोर्स लावलेलं पॅकेट टनेलशिवाय (होम एजंटपर्यंत दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळून न पाठवता) परक्या नेटवर्कमधून सोडलंत तर इनग्रेस फिल्टर (त्या नेटवर्कचा नसलेला सोर्स अडवणारी चाळणी) ते टाकून देतो. टनेलमधून गेलं तर ४० बाइटचा जादा हेडर चढतो: १५०० चा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४६० होतो, एमएसएस (एका पॅकेटमधला टीसीपीचा कमाल डेटा) १४४० वरून १४००. वाटेतल्या फायरवॉलने ‘पॅकेट टू बिग’ संदेश अडवले असतील तर कनेक्शन जुळतं, पण मोठं आउटपुट आलं की गोठतं. अशा वेळी ॲड्रेस निवडीवर शंका घेण्याआधी एमएसएस १४०० वर बांधून पाहा.