क्रीममधलं डायमेथिकोन: टाळायचं की ठेवायचं?

रानजाई: 'सिलिकॉन-फ्री' लिहिलं की क्रीम आपोआप सौम्य ठरतं, हे मला अजिबात पटत नाही. डायमेथिकोन हे क्रीममध्ये नेहमी दिसणारं सिलिकॉन; त्याचा थर प्लॅस्टिकच्या कागदासारखा घट्ट बसत नाही, त्यातून वाफ बाहेर पडते. रेणू मोठा, त्यामुळे आत मुरत नाही, ॲलर्जीही क्वचितच. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने १ ते ३० टक्के प्रमाणात त्याला त्वचासंरक्षक म्हणून मान्यता दिली आहे. ज्यांची त्वचा जरा काही लावलं की चुरचुरते, त्यांच्या हातातून ही वस्तू उगाच काढून घेतली जाते, याचं वाईट वाटतं.

काजवा: थर धरला म्हणजे ओलावा मिळाला असं नाही. कोरड्या गालावर नुसतं सिलिकॉन चोपडा, हाताला मऊ लागेल; चेहरा धुतला की खरखर परत. शिवाय वरून सनस्क्रीन चोळलं की बोटाखाली पांढऱ्या वळ्या सुटतात. त्यापेक्षा स्क्वालेन घ्या. आपल्या त्वचेच्या तेलात स्क्वालीन मुळातच असतं, हे त्याचंच हायड्रोजन जोडून टिकाऊ केलेलं रूप. पूर्वी शार्कच्या यकृतातून काढायचे, आता ऑलिव्ह आणि उसापासूनही मिळतं.

रानजाई: ओलावा धरायला ग्लिसरीन असतं, डायमेथिकोनने तो राखायचा. म्हणून चेहरा ओलसर असतानाच लावायचं. वळ्या सुटतात त्या बहुधा थर जाड झाला किंवा खालचा वाळला नाही म्हणून. आणि ज्यांचे हात दिवसभर पाण्यात, त्यांना स्क्वालेन कितपत पुरणार? डायमेथिकोन पाण्याला दूर ठेवतं, म्हणून तर बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरच्या मलमांतही ते वापरतात.

सांजवात: फुटलेल्या टाचांना पेट्रोलियम जेलीच. पाणी अडवण्यात ती या दोन्हींच्या पुढे आहे. चिकट असते, चेहऱ्यावर नको वाटते, ते खरं.

काजवा: पाण्यात काम करणाऱ्यांचा मुद्दा मान्य. पण निसर्गाचं काय? डी४ आणि डी५ ही सिलिकॉनं लवकर विघटन पावत नाहीत, म्हणून युरोपियन संघाने ३१ जानेवारी २०२० पासून धुऊन टाकायच्या उत्पादनांत त्यांना ०.१ टक्क्याची मर्यादा घातली.

रानजाई: ती वलयाकार, उडून जाणारी सिलिकॉनं. यादीत 'सायक्लो'ने सुरू होणारी नावं दिसली तर जरूर टाळा, मीही टाळते. डायमेथिकोन सरळ साखळीचं. त्या नियमाचा बडगा त्याच्यावर नाही.

काजवा: नियम नसला तरी तेही निसर्गात सहजी विरत नाही. हातांच्या क्रीमला माझी हरकत नाही. रोज धुऊन टाकायच्या फेसवॉशमध्ये मात्र ते कशाला हवं, याचं उत्तर अजून कुणी दिलेलं नाही.