आजी बाहेर पडल्या त्या परतल्या नाहीत : शोध कसा घ्यायचा? (अनुभव धागा, कोल्हापूर)

मंडईला, देवाला, नाहीतर नुसतं कोपऱ्यावर जाऊन येते म्हणून साठी-सत्तरी ओलांडलेली बाई बाहेर पडते आणि रात्रीपर्यंत परतत नाही. घरच्यांचे पहिले पाच-सहा तास पै-पाहुण्यांना फोन लावण्यात जातात. त्याच तासांत एसटीचा वाहक ड्युटी संपवून घरी गेलेला असतो, फोनची बॅटरी उतरलेली असते, दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आणखी जवळ आलेलं असतं. या कामात ज्यांचे हात बसलेत त्यांनी इथं लिहावं. घरची कहाणी नको, कुणाचं नाव नको. काय करायचं, कुठं अडतं आणि का अडतं, एवढंच.

पोलीस ठाण्यात ठाणे अंमलदार म्हणून काम केलेले

चोवीस तास झाल्याशिवाय नोंद होत नाही असा कुठलाही नियम नाही. घर ज्या हद्दीत आहे त्या ठाण्यात लगेच जा. शहरात जुना राजवाडा, लक्ष्मीपुरी, शाहूपुरी, राजारामपुरी. बाहेरच्या बाजूला करवीर, गांधीनगर. हद्दीवरून टोलवाटोलवी झाली तर तिथंच उभं राहून 112 ला फोन लावा.

तोंडी सांगून परत येऊ नका. मिसिंगचा (हरवल्याच्या नोंदीचा) नंबर, तपास ज्यांच्याकडे दिलाय त्या अंमलदाराचं नाव आणि फोन, आणि शिक्का मारलेली प्रत, तिन्ही घेऊनच उठा. पुढं एसटी, रेल्वे, बँक, दवाखाना, सगळीकडं तोच नंबर विचारतात.

वर्णनात बहुतेक घरं कमी पडतात. 'उंची मध्यम, रंग सावळा, अंगावर साडी' एवढ्यावर कुणी ओळखू येत नाही. नऊवारी की सहावारी, काठ कसला, कुठला दात पडलाय, कवळी आहे का, मोतीबिंदू कुठल्या डोळ्याचा काढलाय, पायात रॉड आहे का, खुबा बदललाय का, कन्नड कळतं का, हे लिहा. आणि गोंदण! कपाळावर, हनुवटीवर, हातावर काय गोंदलंय, अक्षरं असतील तर कुठली, हे नक्की लिहा. निवाऱ्यात कपडे बदलतात, दागिने जातात, नाव विसरलं जातं; गोंदण तेवढं राहतं.

घरात कुरबुर झाली होती, जमिनीचा वाद चाललाय, हे सांगायला लोक लाजतात. ते लपवलं की तपास देवळं आणि स्टँडच्या दिशेनं जातो आणि खरं कारण घरातच राहतं. कुणी पळवून नेलं, कोंडून ठेवलं असा संशय असेल तर लेखी द्या. 'मिसिंग' ही नुसती नोंद असते, गुन्हा नव्हे. गुन्ह्याचा संशय लिहून दिला की भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 खाली गुन्हा दाखल करून घ्यावा लागतो, हद्द कुठलीही असली तरी. नाहीच घेतला तर पोलीस अधीक्षकांना टपालानं अर्ज, त्यानंतर न्यायदंडाधिकारी.

तिच्या खोलीत झाडलोट करू नका. कंगव्यातले केस, दात घासायचा ब्रश, उशीचा अभ्रा कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि नमुना खराब होतो.

एसटीच्या वाहतूक नियंत्रण खोलीतून

'पैसे घेतले नाहीत, म्हणजे लांब गेली नसेल' हा अंदाज आता चालत नाही. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांपुढच्यांना एसटी मोफत आहे आणि मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना अर्धं तिकीट. पिशवीत आधार कार्ड असलं की पंचाहत्तरीची बाई एक रुपया न देता पंढरपूर गाठू शकते. म्हणून पहिल्यांदा बघा, आधार कार्ड घरात आहे का.

मध्यवर्ती बसस्थानकात गेलात की फोटो हातात धरून फलाटावर फिरू नका. नियंत्रकाला वेळ सांगा, उदाहरणार्थ दुपारी 2 ते 4. त्या वेळेत सुटलेल्या गाड्या आणि त्यांचे वाहक कागदावर उतरवून घ्या. मोफत प्रवासाचंही तिकीट काढलं जातं, त्यामुळं कुठल्या टप्प्यापासून कुठल्या टप्प्यापर्यंत ते मशीनमध्ये राहतं. वाहकाला त्याच दिवशी गाठा. मुक्कामी गाडीचा वाहक दुसऱ्या दिवशी सकाळी परततो, तोही सोडू नका. चार दिवसांनी विचारलं तर बिचाऱ्याच्या डोळ्यांपुढून हजारभर चेहरे गेलेले असतात. रंकाळा स्टँड वेगळं आहे, तिथं वेगळं विचारायचं. केएमटी, म्हणजे शहर बस, आणखी वेगळी.

वडापला, म्हणजे सीटवर प्रवासी घेणाऱ्या खासगी जीप-रिक्षांना, तिकीट नाही, नोंद नाही. तिथं चालकच विचारायचा. रोज त्याच रस्त्यावर तेच चालक असतात, आणि एकट्या म्हातारीला कुठं उतरवलं हे त्यांच्या लक्षात राहतं.

वार आणि तिथी बघा. मंगळवार-शुक्रवार अंबाबाई, रविवार जोतिबा, अमावस्येला आदमापूर, पौर्णिमेला नृसिंहवाडी, मार्गशीर्षात सौंदत्ती. ज्या देवाला ती वर्षानुवर्षं जाते तिथं आधी माणूस धाडा. अंबाबाईच्या देवळात एकाच दारात उभं राहून भागत नाही. महाद्वारातून आत गेलेली बाई घाटी दरवाजातून बाहेर पडते आणि महाद्वारातला माणूस तासन् तास वाट बघत बसतो.

रेल्वेबद्दल

कोल्हापूर शेवटचं स्टेशन आहे, त्यामुळं इथून सुटणारी प्रत्येक गाडी मिरजेला जाते. ही सोय आहे. कोल्हापूरच्या फलाटावर काही दिसलं नाही तरी मिरजेचे कॅमेरे बघायला लावा. तिथून मात्र वाटा फुटतात: पुणे, बेळगाव, पंढरपूर. झोप लागलेली बाई हरिप्रिया एक्सप्रेसनं तिरुपतीला किंवा महाराष्ट्र एक्सप्रेसनं थेट गोंदियाला पोचू शकते. रेल्वे सुरक्षा दल आणि लोहमार्ग पोलीस ही दोन वेगळी खाती आहेत, मिसिंगची प्रत दोघांनाही द्या. रेल्वेच्या 139 या हेल्पलाइनवरही कळवा.

कॅमेरे बसवणारा आणि दुरुस्त करणारा

दुकानांच्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचं चित्रण साठवणारा डबा) हार्डडिस्क भरली की जुनं आपोआप पुसून त्यावर नवं चढतं. आठ कॅमेरे आणि छोटी डिस्क असली की आठ-पंधरा दिवसांत खेळ संपतो, काही ठिकाणी त्याआधीच. म्हणून पहिल्या दिवशी बघत बसू नका, आधी वाचवा. दुकानदाराला विनंती करून त्या चार तासांचं चित्रण पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, बघणं रात्री करा. 32 जीबीचे दोन-तीन पेनड्राइव्ह खिशात ठेवा. काही डीव्हीआरची फाइल साध्या प्लेअरमध्ये उघडत नाही, म्हणून त्याच कंपनीचा प्लेअरही सोबत उतरवून घ्या.

सगळ्यात जास्त फसगत घड्याळामुळं होते. डीव्हीआरचं घड्याळ दहा मिनिटांपासून चक्क काही तासांपर्यंत चुकलेलं असतं. स्क्रीनवरची वेळ आणि शेजारी धरलेल्या मोबाइलची वेळ यांचा एकत्र फोटो काढून ठेवा आणि फरक वहीत लिहा. नाहीतर दोन चौकांतल्या वेळा जुळत नाहीत आणि ती उलट दिशेनं गेली असा समज होतो.

घरापासून सुरुवात करून प्रत्येक फाट्यावर एकच प्रश्न: इथून कुठं वळली? ज्या रस्त्यावर दिसली नाही तोही लिहा. चित्रण कोर्टात लागेल असं वाटलं तर पोलिसांकडून जप्त करवा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, ते व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या तुकड्याला मिळत नाही.

मोबाइलच्या दुकानातून

पन्नास पाहुण्यांनी पन्नास फोन लावू नयेत, बॅटरी त्यातच संपते. एकानंच अर्ध्या-अर्ध्या तासानं लावावा. सिमचा रिचार्ज संपू देऊ नका. डुप्लिकेट सिम काढू नका, कारण नवं सुरू होताच तिच्या पिशवीतलं बंद पडतं. फोन ब्लॉक करायची घाईही नको.

टॉवरचं 'लोकेशन' म्हणजे ठिपका नव्हे. शहरात काहीशे मीटरचा पट्टा, खेड्यात काही किलोमीटरचा. 'लोकेशन शिरोलीत आलं' म्हणून एकाच घराची झडती घेत बसू नये.

महिने उलटले आणि फोन कायमचा बंद असला तर तपासी अंमलदाराला विचारून डुप्लिकेट सिम काढता येतं. मग तिच्या आधारचा वापर कुठं झाला ते ओटीपी टाकून बघता येतं. सहा महिन्यांपर्यंतच्या नोंदी दिसतात. रेशन, बँक, दवाखाना, कुठंही अंगठा लागला असेल तर तारीख कळते.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणारी परिचारिका

आधी घर शोधा, तेही दोनदा. माळा, गोठा, न्हाणी, पलंगाखाली, शेजारचं बंद घर, विहीर. विसरभोळ्या झालेल्या आजी हाकेला ओ देत नाहीत, भिऊन आणखी आत सरकतात. नुसत्या हाका मारत पुढं जाऊ नका, वाकून बघा.

'घरी जायचंय' हे त्या संध्याकाळी घरातच बसून म्हणत असतात. ते घर म्हणजे माहेर, किंवा तीस वर्षांपूर्वीचं भाड्याचं घर. त्या वाटेवर लगेच कुणीतरी जावं. गेल्या महिन्यात त्या कुणाची नावं घेत होत्या, कुठल्या गावाबद्दल बोलत होत्या, हे सुनेला आणि नातवंडांना विचारा. मुलांपेक्षा त्यांना जास्त ठाऊक असतं.

पायताण कुठलं गेलंय ते बघा. रोजची चप्पल दारातच असेल तर शोध जवळच घ्यायचा. गोळ्यांच्या पट्ट्या मोजा. साखरेची, रक्तदाबाची गोळी किती दिवस चुकली त्यावरून किती घाई आहे ते ठरतं, आणि हे पोलिसांनाही सांगावं लागतं.

उसाच्या पट्ट्यात शोधाला जाणारे

करवीर, हातकणंगले, शिरोळकडं सगळ्यात अवघड जागा म्हणजे उभा ऊस. ऑक्टोबरात दोन पुरुष उंचीचा झालेला असतो, आत चार हातांपलीकडं दिसत नाही, आवाज दबतो. वरून ड्रोन फिरवला तरी पाल्याखालचं माणूस दिसत नाही. सऱ्यांच्या दिशेनंच चालायचं. एका माणसाकडं तीन-चार सऱ्या, सगळे एका रेषेत, आणि फड संपला की बांधावर फडकं बांधून खूण करायची. खूण नसली की तोच फड दोनदा होतो आणि शेजारचा राहून जातो. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि बूट घाला, पाला कापतो. आत काठी आपटत चला, साप असतात.

तोड सुरू झाली की टोळीच्या मुकादमाला आणि चिटबॉयला (कारखान्याचा फडावरचा माणूस) फोटो देऊन ठेवा. पुढच्या तीन-चार महिन्यांत प्रत्येक फडात तेच शिरणार असतात.

नदीकडं गेल्याचा संशय असेल तर राजाराम बंधाऱ्यापासून खाली प्रत्येक बंधाऱ्यावर, इचलकरंजी, शिरोळ, नृसिंहवाडीपर्यंत कळवा. तिथं पंचगंगा कृष्णेला मिळते आणि पुढं कर्नाटक लागतं, म्हणून तिकडच्या ठाण्यांनाही निरोप हवा. बुडालेलं माणूस काही दिवसांनी वर येतं, पुरात तर कुठल्या कुठं जातं. एकदा बघितलं आणि झालं असं होत नाही.

सरकारी दवाखाना आणि निवारा, दोन्हीकडं काम केलेली

सीपीआरमध्ये (कोल्हापूरचा मोठा सरकारी दवाखाना) अपघात विभाग, महिला वॉर्ड आणि शवागार अशा तीन ठिकाणी स्वतः जाऊन बघा. नावानं विचारलं की 'अशा कुणी नाहीत' हेच उत्तर येतं, कारण त्या 'अनोळखी स्त्री' म्हणून दाखल असतात. अनोळखी मृतदेहांची यादी महाराष्ट्र पोलिसांच्या पोर्टलवर असते. ती बघवत नाही, तरी घरातल्या एका घट्ट मनाच्या माणसानं आठवड्यातून दोनदा बघावी. चेहऱ्यावरून ठरवू नका. गोंदण, दात, रॉड बघा, आणि शंका राहिली तर पोटच्या मुलाचा किंवा मुलीचा डीएनए द्या.

मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 च्या कलम 100 प्रमाणे भटकताना सापडलेल्या मनोरुग्ण व्यक्तीला पोलिसांनी सरकारी रुग्णालयात न्यायचं असतं. म्हणून रत्नागिरी, येरवडा, ठाणे, नागपूर इथली चारही प्रादेशिक मनोरुग्णालयं विचारा. 14567 ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे, तिथंही नोंद करा.

पत्रकाबद्दल थोडक्यात

लग्नातला नटलेला फोटो नको. रोजच्या साडीतला, चष्म्यासकट हवा. मराठी, हिंदी आणि कन्नड, तिन्हीत छापा. एक खूण मुद्दाम छापू नका. 'आजी आमच्याकडं आहेत, गाडीभाडं पाठवा' असे फोन येणारच, तेव्हा तीच खूण विचारायची. व्हिडिओवर आजी दिसल्याशिवाय एक रुपया पाठवू नये.

वकिली करणारे

तपास थंडावला तर माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करा. 'काय केलं' असं मोघम विचारू नका. कुठल्या ठाण्यांना बिनतारी संदेश कोणत्या तारखेला गेला, फोनचा तपशील कधी मागवला, कधी आला, असं विचारा. मुदत 30 दिवस. कोंडून ठेवल्याचा ठोस संशय असेल तर बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे कोंडलेल्या माणसाला कोर्टापुढं हजर करा अशी, याचिका करता येते. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे, त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

तिच्या नावावर जमीन, घर असेल तर तलाठी आणि दुय्यम निबंधकांना मिसिंगची प्रत जोडून लेखी कळवा. बँकेला सांगा, पण खातं गोठवू नका. कुठून पैसे निघाले तर तोच माग असतो.

सात वर्षं काहीच खबर नसेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 प्रमाणे मृत्यू गृहीत धरायची मागणी कोर्टात करता येते. ही वर्षं शेवटच्या खबरेपासून मोजतात. पहिल्या दिवशीची मिसिंगची प्रत तेव्हा पुराव्याला लागते.

पुन्हा ठाणे अंमलदार

एक राहिलं. आजी सापडल्या तर ठाण्यात आणून जबाब नोंदवावा लागतो, त्याशिवाय मिसिंग बंद होत नाही. आणि त्या शुद्धीत असतील, स्वतःच्या मनानं गेल्या असतील आणि 'परत जायचं नाही' म्हणाल्या, तर पोलीस त्यांना बळजबरीनं घरी पाठवत नाहीत. घरच्यांना त्या सुखरूप आहेत एवढं कळवलं जातं. कुठं राहतात ते सांगायचं की नाही, हे त्यांच्या मर्जीवर असतं.