माथेरान : सहा माणसे, दोन दिवस आणि बेताचा खर्च

डोंबिवलीकर :
दिवाळीनंतरच्या आठवड्यात आम्ही दोघे, तीन शाळकरी मुले आणि सत्तरीच्या सासूबाई असे सहा जण दोन दिवसांसाठी माथेरानला जाण्याचा विचार करीत आहोत. चौकशी केली असता बहुतेकांनी घोड्यावरून सर्व पॉइंट दाखवण्याचे एकत्रित दर सांगितले आणि सहा जणांचा हिशेब मांडल्यावर तो खर्च राहण्याजेवणाच्या खर्चापेक्षाही वर गेला. घोडे न घेता पायी हिंडून काय काय पाहता येईल आणि गुडघेदुखीमुळे फार चालू न शकणाऱ्या सासूबाईंचेही मन रमेल अशी सोय कशी करता येईल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

पायवाट :
घोड्यांवाचून आपले काहीही अडणार नाही. माथेरानात मोटारींना बंदी असल्यामुळे तिथले रस्ते मुळात चालणाऱ्यांचेच आहेत आणि बहुतेक वाटा जांभूळ, हिरडा, अंजनीच्या दाट सावलीतून जातात. सगळे पॉइंट पाहण्याचा हट्ट मात्र धरू नये. एका दिवशी डोंगराची एकच बाजू पाहावी, म्हणजे मुलेही कंटाळत नाहीत.

पहिल्या दिवशी शार्लोट तलावाकडे जावे. तलावाकाठी पिसरनाथाचे देऊळ आहे. हे माथेरानचे ग्रामदैवत. गावाच्या पाणीपुरवठ्याचा हा तलाव असल्याने मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. एको, लॉर्ड आणि लुईझा हे पॉइंट तिथून जवळच आहेत. त्यांतला एकच निवडायचा झाल्यास मी लुईझा निवडेन. समोर प्रबळगडाचा लांबरुंद माथा, मध्ये खोल दरी, आणि पावसाने धुतलेली हवा स्वच्छ असेल तर समोरच्या कड्यातले काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसतात. लाव्हारसाच्या थरांनी सह्याद्री कसा घडला हे मुलांना दाखवायला याहून चांगली जागा मला ठाऊक नाही. संध्याकाळी सूर्यास्तासाठी पॉर्क्युपाइन पॉइंट गाठावा.

दुसऱ्या दिवशी पहाटे पॅनोरमा पॉइंट. तो उत्तर टोकाला, बाजारापासून बराच लांब आहे; त्यामुळे मोठ्यांपैकी एकाने मुलांना घेऊन जावे आणि दुसऱ्याने सासूबाईंसोबत बाजारालगतच्या खंडाळा पॉइंटवर निवांत बसावे.

नेरळवासी :
वरील माहितीशी मी सहमत आहे. येण्याजाण्याबद्दल थोडी भर घालतो. डोंबिवलीहून कर्जत लोकलने थेट नेरळला उतरावे आणि स्थानकाबाहेरून शेअर टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत यावे. तिथे नगरपरिषदेचा प्रवेशकर भरावा लागतो. नाक्याजवळच्या अमन लॉज स्थानकातून माथेरानपर्यंत शटल गाडी धावते. सासूबाईंसाठी तीच सर्वांत सोयीची आणि स्वस्त. १९०७ साली सुरू झालेल्या या छोट्या गाडीने नेरळपासूनच घाट चढावा असे मुलांना नक्कीच वाटेल. परंतु त्या फेऱ्या मोजक्या असतात आणि सुमारे २१ किलोमीटरच्या वळणावळणाच्या प्रवासाला दोन तासांहून अधिक वेळ लागतो. माझे मत विचाराल तर चढताना टॅक्सी व शटल घ्यावी आणि जागा मिळाल्यास उतरताना पूर्ण घाट गाडीने करावा.

सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीनंतर सुरू झालेल्या ई-रिक्षाही आहेत, पण त्यांना रांग असते. सासूबाईंना तलाव पाहायचाच असेल, तर त्या एका फेरीपुरता त्यांच्यासाठी घोडा घेण्यात काहीच गैर नाही; मात्र कुठे जायचे, किती वेळ थांबायचे आणि परतीचे भाडे धरले आहे की नाही, हे निघण्यापूर्वीच स्पष्ट ठरवून घ्यावे.

डोंबिवलीकर :
आपणा दोघांचे मनापासून आभार. राहण्याचे कसे करावे?

पायवाट :
शनिवार-रविवार टाळून मंगळवार-बुधवारी गेल्यास खोल्यांचे दर लक्षणीय उतरतात, कारण मुंबई-पुण्याची गर्दी सुट्टीलाच होते. खोली बाजाराजवळ घ्यावी, म्हणजे सामान उचलण्याची मजुरी कमी पडते आणि घरगुती खानावळीही हाताशी राहतात. जुने बंद बूट घालावेत. तांबडी माती कपड्यांना चिकटते आणि पांढऱ्या बुटांची तर रयाच जाते. रोख पैसे आणि रात्रीसाठी विजेरी सोबत ठेवावी. खाण्याची पिशवी हातात उघडी धरून मात्र पॉइंटवर जाऊ नये, माकडे ती क्षणात हिसकावून नेतात.